उठायची खुर्ची

शेजारचे मोघेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बूट काढले, देवाला नमस्कार केला आणि आमच्या नव्याकोऱ्या डायनिंग टेबलची एक खुर्ची उचलून उलटी केली. घरात सत्यनारायण होता. न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधली ओळखीची मराठी कुटुंबं जमली होती, आणि हे पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ माझ्या खुर्चीच्या पोटात डोकं घालून उभे. खालचं काळं कापड त्यांनी बोटानं जरा बाजूला केलं आणि म्हणाले, "स्टेपल्स." डॉक्टर एक्स-रे बघून बोलतात तसं. मग खुर्ची सरळ केली, तिच्यावर बसले, उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"दोन वर्षं," त्यांनी निकाल दिला.

माझा नवरा अमोल पुण्याचा, त्यामुळे अपमान झाल्याचं त्याला चटकन कळतं. "काका, पाच वर्षांची वॉरंटी आहे."

"ती खुर्चीला. तुझ्या कमरेला आहे का?"

त्यांच्या मागं शालिनीकाकू प्रसादाची वाटी हातात घेऊन उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस हं. आमच्या लग्नात अक्षता पडल्यावर यांना बसायला खुर्ची दिली, तर हे आधी ती उलटी करायला लागले. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा पळायच्या बेतात आहे."

ती खुर्ची दोन वर्षांच्या आतच करकरायला लागली. अमोलनं ती गपचूप गराजमध्ये नेऊन ठेवली आणि काका आले की तिथला दिवा लावायचा नाही असा घरात नियम झाला.

काका जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही कुठं नवीन ठिकाणी बसायची वेळ आली की माझा हात आपोआप खुर्चीच्या बुडाशी जातो. एवढं वळण त्यांनी मला लावलंच.

काका मूळचे मिरजेचे. मिरज हे दवाखान्यांचं गाव, आणि काकांची पहिली नोकरी तिथल्याच एका कारखान्यात, हॉस्पिटलच्या खाटा बनवण्याची. त्या कारखान्यानं त्यांना ऐन तरुणपणी काही महिने डेन्मार्कला शिकायला पाठवलं. पुढं ते अमेरिकेत आले आणि निवृत्त होईपर्यंत न्यू जर्सीतल्या एका कंपनीत व्हीलचेअर आणि पेशंटच्या खुर्च्या डिझाइन करत राहिले. एवढं चरित्र पुरे. याहून जास्त सांगायचा त्यांनाही कंटाळा यायचा. त्यांना सांगायचं असायचं ते म्हातारबुवांबद्दल.

म्हातारबुवा म्हणजे डेन्मार्कमधला एक मोठा डिझायनर. त्याच्या खुर्च्या आज म्युझियममध्ये दोरीच्या पलीकडं ठेवतात. काका त्याचं नाव घेत नसत. "त्याचा उच्चार मला तेव्हाही जमला नाही, आता काय जमणार," म्हणायचे. काकांना शिकवणारे साहेब एका संध्याकाळी त्यांना म्हातारबुवांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले होते. ही गोष्ट काकांनी मला किती वेळा सांगितली असेल कोण जाणे, आणि प्रत्येक वेळी मी ती नव्यानं ऐकली, कारण सांगताना ते खुर्चीतून उठून ती करून दाखवायचे.

"आत भुसा, सरस, आणि मध्ये एक कच्ची खुर्ची. साध्या फळ्या ठोकून केलेली. म्हातारबुवा मला म्हणाले, बस. मी बसलो. मला वाटलं, आता विचारतील कसं वाटतंय. छे. म्हणाले, ऊठ. उठलो. परत बस, परत ऊठ. आणि मंजिरी, हा माणूस माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. माझ्या हातांकडं बघत होता. उठताना माणूस आधी हातानं उठतो, पाय नंतर येतात. मग त्यांनी रंधा घेतला आणि खुर्चीच्या हाताच्या पुढच्या टोकाला दोन फटके मारले. मला म्हणाले, आता ऊठ. आणि मी उठलो की गं. अलगद."

यातून काकांनी त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान काढलं होतं. खुर्चीत कुणीही बसतं, बसायला अक्कल लागत नाही, दगडावरही बसता येतं. खुर्चीची परीक्षा उठताना होते. म्हातारबुवा नवीन काही शोधायला जात नसत म्हणे. शेतकऱ्याच्या घरातली, चर्चमधली, कुठलीही जुनी खुर्ची घ्यायची, तिच्यात माणसाला बसवायचं, उठवायचं, आणि जे आड येतंय ते काढत जायचं. काढता काढता जे उरेल ती खुर्ची.

गोष्टीचा शेवट मात्र आम्हा कुणालाच खरा वाटत नसे. म्हातारबुवांनी काकांना विचारलं, तुमच्याकडं लोक कसे बसतात? काकांनी त्या कच्च्या खुर्चीतच मांडी घालून दाखवली. गुडघे दोन्ही बाजूंना आपटले. म्हातारबुवांनी पट्टी काढली, काकांचे गुडघे मोजले आणि पेन्सिलीनं फळीवर खूण केली. "ही सीट रुंद आहे ना, ती माझ्या मांडीमुळं," काका छातीवर हात ठेवून सांगायचे.

"अहो, त्या गोऱ्यांची बुडं मोठी असतात म्हणून असेल," शालिनीकाकू आतून म्हणायच्या.

पण खुर्ची रुंद होती हे खरं. ती त्यांच्या दिवाणखान्यात खिडकीजवळ असायची. ओकचं फिकट लाकूड, बुटकी, ऐसपैस, मागं रेललेली. बसायला कागदाच्या पिळाच्या दोरीची वीण आणि वर लोकरीची गादी. चार पाय खाली दोन आडव्या पट्ट्यांवर टेकलेले, एक पट्टी पुढं, एक मागं. दोन्ही हात इतके रुंद आणि सपाट की चहाची कपबशी आणि पोह्यांची ताटली शेजारी शेजारी राहायची. तिच्यात मांडी घातली की गुडघे दोन्हीकडं अगदी नेमके मावायचे. मी घालून बघितली आहे.

अमेरिकेत आल्यावर पहिल्या काही वर्षांत, घरात एक गादी आणि एक पोळपाट याखेरीज सामान नसताना, काकांनी ती विकत घेतली. प्रिन्स्टनचे कुणी प्रोफेसर घर सोडून चालले होते आणि त्यांनी सगळं अंगणात मांडलं होतं. काकू गेल्या होत्या सोफा बघायला. काका ह्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, हात टेकून उठले आणि तिथंच म्हणाले, "हे म्हातारबुवांचं काम आहे." सोफ्याचे पैसे त्या खुर्चीत गेले. पुढं कितीतरी महिने पाहुणे आले की सगळे सतरंजीवर बसत आणि मधोमध ती खुर्ची रिकामी, कारण एकट्यानं तिच्यावर बसायचा धीर कुणाला होत नसे. इतक्या वर्षांनंतरही ते सांगताना काकू कपाळाला हात लावायच्या. "माणसं दोन आणि खुर्ची एक. संसार करायला निघाले होते की दरबार भरवायला?"

त्या लाकडाला पॉलिश नव्हतं. डेन्मार्कमध्ये अशा लाकडाला साबण लावतात, साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळवून. त्यानं लाकूड उघडं राहतं, मऊ राहतं आणि अंग धुतल्यासारखं स्वच्छ दिसतं. काका दर दसऱ्याच्या आधी ते करायचे. फडकं, बादली, वर केलेल्या बाह्या. आपल्याकडं दिवाळीआधी आई पितळी भांडी घासते तशी त्यांची लगबग चालायची.

आणि दसऱ्यालाच ती चूक झाली. ती आमच्या येण्याच्या खूप आधीची, पण मी दोघांच्या तोंडून वेगवेगळी ऐकली आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. काकूंनी आपलं शिवणाचं मशीन पुजलं, काकांची मोजपट्टी पुजली, गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट खुर्चीच्या उजव्या हातावर टेकवलं. लाकूड आदल्याच दिवशी साबणानं धुतलेलं, उघडं, तहानलेलं. हळद आत उतरली ती उतरलीच. एखाद्या पॉलिश केलेल्या टेबलावर पडली असती तर फडक्यानं निघाली असती.

काका भडकले. दुपारपासून बोलले नाहीत, पुरणपोळीसुद्धा मान खाली घालून खाल्ली. संध्याकाळी बारीक पॉलिशपेपर घेऊन डाग घासायला बसले, तेव्हा काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"घासा की. पण मला एक सांगा, हत्यार म्हणजे काय? ज्यानं माणूस काम करतो ते. तुम्ही ऑफिसातनं आलात की ह्याच्यातच बसून चित्रं काढता, ह्याच्यातच पेपर वाचता, माझ्याशी भांडता तेही ह्याच्यातूनच. मग तुमचं हत्यार हे नाही तर कुठलं?"

काकांनी पेपर खाली ठेवला. "तिचा मुद्दा बरोबर होता," ते मला म्हणाले. "मला उत्तर सुचलं असतं तर घासला असता." त्यानंतर दर दसऱ्याला काकू त्याच जागेवर बोट टेकवायच्या आणि काका दरवर्षी साबण लावताना तेवढी जागा सोडून फडकं फिरवायचे. डाग चांगला रुपयाएवढा झाला, पिवळा आणि मध्ये लालसर. उठताना काकांचा तळवा बरोबर त्यावर यायचा.

काकांची आणखी एक सवय सांगायला हवी. घरी आलेला माणूस निघाला की ते उठायचे. अमोल असो, पोस्टमन असो, आमची रिया असो. रिया तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती, तरी ती "बाय, आजोबा" म्हणाली की हे खुर्चीतून उठून दारापर्यंत जायचे, दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, "या पुन्हा." मी एकदा म्हटलं, काका, बसा हो, आम्ही काय पाहुणे आहोत? तर म्हणाले, "बसून निरोप द्यायचा तो आजारी माणसानं."

शालिनीकाकू अचानक गेल्या. हृदयविकार, एका दिवसात सगळं आटोपलं. मला त्यांची फार आठवण येते हे इथंच सांगून टाकते. नागपूरच्या माझ्या सावजी रश्श्याला नावं न ठेवणारी ती पश्चिम महाराष्ट्रातली एकमेव बाई. मुलगा निखिल कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आला, महिनाभर राहिला, आणि बाबांनी तिकडं चलावं म्हणून त्यानं परोपरीनं सांगितलं. काका नाही म्हणाले.

त्यानंतर दोन बदल झाले, आणि दोन्हींचा आम्ही चुकीचा अर्थ लावला.

एक म्हणजे काकांनी दिवाणखान्याचे पडदे लावून घेतले. काकू असताना सकाळी उठल्याबरोबर पडदे सर्रकन उघडायच्या. त्यांना घरात ऊन हवं असायचं, अंधारलेल्या खोलीला त्या गुहा म्हणायच्या. आता भर दुपारी तिथं दिवा लावून बसावं लागे. अमोल म्हणाला, म्हातारा एसीचं बिल वाचवतोय. मला वाटलं, दुःख असतं एकेकाचं, कुणाला उजेड सोसत नाही.

दुसरं म्हणजे काका ती खुर्ची आता पाहुण्यांना द्यायला लागले. इतकी वर्षं त्यांच्याखेरीज तिच्यात कुणी फारसं बसलं नव्हतं. आता मी गेले की, "बस, बस, तूच बस," म्हणून मला तिच्यात बसवायचे आणि स्वतः स्वयंपाकघरातली उंच, ताठ खुर्ची ओढून समोर बसायचे. मी काय हो, फुलून जायचे. निघताना ते त्या ताठ खुर्चीवरून उठून दारापर्यंत यायचे, "या पुन्हा" म्हणायचे. सगळं जिथल्या तिथं होतं.

एका उपासाच्या दिवशी दुपारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. दार उघडंच होतं. काका त्यांच्या खुर्चीत, मांडीवर पेपर. स्वयंपाकघरात फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला. दोन गोष्टी बोललो. मी डबा टेबलावर ठेवला, निघाले, आणि ते बसल्या जागेवरून म्हणाले, "या पुन्हा."

मी आमच्या दारापर्यंत पोचले आणि किल्ली हातात तशीच धरून थांबले. मग मागं फिरले.

"काका, उठता येत नाहीये का?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "सकाळपासून."

मी हात दिला, त्यांनी तो घेतला. हलके होते, पण गुडघ्यांत जोर नव्हता. उभे राहिल्यावर म्हणाले, "कुणी बघत नाहीये म्हणून बसलो होतो. मोह झाला." आणि मग, "निखिलला सांगू नकोस."

मी त्याच संध्याकाळी निखिलला फोन केला. सांगायलाच हवं होतं, आणि काकांनाही ते ठाऊक होतं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "काय म्हणाला?"

निखिल म्हणाला होता, थँक्सगिव्हिंगला येतो. आला तो लिफ्ट चेअरची माहिती फोनवर घेऊनच. बटन दाबलं की हळूहळू वर येऊन माणसाला उभं करणारी मोटारीची खुर्ची. मुलगा गुणी, काळजी करणारा. सिलिकॉन व्हॅलीतली पोरं सगळ्याला उपाय शोधतात, तसाच त्यानंही शोधला होता.

"बाबा, बी प्रॅक्टिकल. दोन दिवसांत डिलिव्हरी आहे. नाहीतर माझ्याकडं चला. यू कान्ट बी स्टक इन अ चेअर ऑल मॉर्निंग."

"मोटारीनं उठवलेला माणूस उठलेला नसतो, निखिल. उचललेला असतो. मी आयुष्यभर लोकांसाठी अशा वस्तू केल्या, ज्यांना गरज आहे त्यांना त्या हव्यातच. माझं अजून ठरलेलं नाही."

"मग कसं ठरवायचं?"

काकांनी खुर्चीकडं बोट दाखवलं. "ह्याच्यातून. माझा मी उठलो तर तू मला इथून न्यायचं नाव काढायचं नाहीस. नाही उठलो तर येतो फ्रीमाँटला. रविवारी, तू निघायच्या आधी."

मधले दिवस काका सिंकचा काठ धरून उठाबशा काढत होते. मी खिडकीतून बघत होते आणि अमोल म्हणत होता, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण शनिवारी रात्री तोच मला म्हणाला, "जमायला पाहिजे यार त्यांना." त्यांचं घर, आपली भाषा बोलणारा शेजार, काकूंचं स्वयंपाकघर, सगळं एका बुटक्या खुर्चीवर येऊन ठेपलं होतं.

रविवारी काका बसले. पाय मागं घेतले, तळवे खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवले, उजवा तळवा हळदीवर. पुढं झुकले. अर्धे वर आले आणि तिथं थांबले. दंड थरथरायला लागले. निखिल झटकन पुढं झाला.

"हात खिशात घाल," काका म्हणाले.

निखिलनं हात खिशात घातले. काका खाली बसले, श्वास घेतला, पुन्हा उठले. पहिल्याहून थोडं कमी. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. गादीत मागं टेकले, डोक्यामागं खुर्चीची पाठ, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाही जमलं. बाळा, तिकीट काढ."

मी स्वयंपाकघरात गेले, उगीच नळ सोडून उभी राहिले. रडू आलं. माझ्या वडलांसाठीही मी इतकी रडले नव्हते, कारण वडील गेले तेव्हा मी इथं, अमेरिकेत होते.

मार्चमध्ये घर रिकामं करायचं ठरलं. खुर्चीचा आता उपयोग नाही असं सगळे धरून चालले होते, काकाही. निखिलनं फोनवरूनच लॅम्बर्टव्हिलचा एक जुन्या फर्निचरचा व्यापारी गाठला. तो आला तेव्हा काकांनी मला बोलावून घेतलं. साठीचा, उंच, शांत अमेरिकन माणूस. त्यानं खुर्ची पाहिली आणि काही न बोलता जमिनीवर आडवा झाला, तिच्याखाली डोकं घालून. काकांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी त्यांना जातभाई भेटला होता. त्यानं म्हातारबुवांचं नावही अर्धी अक्षरं गिळून अचूक घेतलं.

मग लाकूड नीट दिसावं म्हणून त्यानं उठून पडदा उघडला.

"पडदा," काका म्हणाले. इतक्या जोरात ते कधी बोलले नव्हते. तो बिचारा दचकून थांबला, पडदा पुन्हा लावला.

काका माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "हळद उन्हात उडते, मंजिरी. तुझी काकू होती तोवर दर दसऱ्याला नवी लागायची. आता कोण लावणार? जेवढी आहे तेवढी आहे."

इतके दिवस भर दुपारी त्या अंधारात दिवा लावून आम्ही चहा प्यायलो, आणि अमोलनं एसीच्या बिलाचा विनोद केला.

व्यापाऱ्याला कळलं नाही, कळण्यासारखं नव्हतंच. त्यानं डागावरून अंगठा फिरवला आणि अदबीनं सांगितलं, हे मी काढू शकतो, हलकं सँडिंग केलं की नव्यासारखी दिसेल. काका नुसते हसले. मग त्यानं विचारलं, विकायचं कारण? काका म्हणाले, बुटकी आहे, मला उठता येत नाही. त्यावर तो अगदी कळकळीनं म्हणाला, "प्लीज, पायांना हात लावू नका. बरेच लोक उंची वाढवतात आणि खुर्चीचा सत्यानाश करतात. ही उंची म्हणजेच तो डिझायनर आहे. त्यानं ती अशीच ठेवली होती."

काका उठून (ताठ खुर्चीवरून) त्या माणसाला दारापर्यंत सोडायला गेले, दार धरलं, "थँक यू, शी इज नॉट फॉर सेल" म्हणाले आणि परत आले.

"हा माणूस खुर्चीला ओळखतो," ते म्हणाले, "म्हातारबुवांना नाही. आणि गंमत बघ, गेले सहा महिने मीही मनात हेच म्हणत होतो. उंचीला हात लावायचा नाही, त्यांची उंची आहे. अगं, त्या माणसानं माझ्यासमोर रंधा मारला होता. माझे हात बघितले आणि लाकूड बदललं. झाली खुर्ची पूर्ण, आता हात लावू नका, असं तो म्हणालाच नाही कधी. आज मी असा बसलो असतो त्यांच्यासमोर, तर त्यांनी काय केलं असतं?"

"काय?"

"अमोलला सांग, ओकच्या दोन पट्ट्या आण. जाड."

अमोल लाकूड आणायला गेला आणि काकांनी परत पाठवल्यामुळं पुन्हा गेला. मग खुर्ची उलटी केली. त्यानं खाली हात फिरवून बघितला, खालचं लाकूड वरच्याइतकंच निगुतीनं घासलेलं होतं, कुणी बघणार नाही तिथंही. पायांखालच्या पट्ट्यांना नव्या पट्ट्या जोडायच्या होत्या. त्या म्हाताऱ्या लाकडावर अमोलनं ड्रिल टेकवलं आणि परत उचललं. "काका, गोंदानं चिकटवू का? भोक नको पडायला."

"स्क्रू लाव. दिसू दे. मी केलंय ते मी केलंय."

खुर्ची सरळ केली. मागच्या पट्टीपेक्षा पुढची जरा बारीक ठेवायला सांगितली होती, त्यामुळं ती थोडी पुढं झुकली होती. काका बसले. हात ठेवले आणि उठले. उभे राहून त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले, आणि मग मिशीतल्या मिशीत हसायला लागले.

मी म्हटलं, "काका, निखिलला फोन करा. आता उठता येतंय. जायची गरज नाही."

"गरज नाही, पण शब्द आहे. खुर्ची बदलली म्हणून शब्द कसा बदलेल? तो पोरगा खिशात हात घालून उभा राहिला होता, मंजिरी. त्याला किती जड गेलं ते मी बघितलंय." खुर्ची मात्र बरोबर नेली.

पुढच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी कॅलिफोर्नियाला गेले तेव्हा फ्रीमाँटला जाऊन आले. तेच मला त्यांचं शेवटचं दर्शन. निखिलच्या टाउनहाउसमध्ये खालची खोली काकांची. मी दारात थबकले, कारण खोली उन्हानं भरलेली होती. मोठी खिडकी, पडदा नावाला नाही, आणि खुर्ची बरोबर त्या उन्हात. काका तिच्यात मांडी घालून बसले होते. खूप वाळले होते.

"पडदे?" मी विचारलं.

"काढायला लावले. इथं आल्यावर एक दिवस लक्षात आलं, तिला गुहा आवडायची नाही, आणि मी तिचं बोट गुहेत ठेवलंय. हे कसलं जपणं? म्हटलं उडू दे. ऊन तर खाईल." मग खुर्चीच्या हाताकडं बघून म्हणाले, "दिसतोय का गं काही? मला चष्म्यातनं आता कळत नाही."

मी वाकून पाहिलं. स्वच्छ, फिकट लाकूड. कुठंच काही नव्हतं. मी म्हटलं, "नाही, काका."

"हं," ते म्हणाले, आणि मिरजेच्या खाटांबद्दल बोलायला लागले. निखिलनं चहा आणला. अमोलची, रियाची चौकशी झाली. ऑफिसची गाडी यायची वेळ झाली तशी मी उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "येते. तुम्ही बसा, प्लीज."

काकांनी मांडी मोडली. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. त्याला वेळ लागला. निखिल दाराशी होता, त्यानं पँटच्या खिशात हात घातले. सवयीचं झालं असावं. माझे हात पुढं यायला लागले होते, ते मी जॅकेटच्या खिशात कोंबले.

काकांनी समोर खिडकीबाहेर बघतच उजवा तळवा खुर्चीच्या हातावर ठेवला. जिथं मला काही सापडलं नव्हतं, बरोबर तिथंच. आणि उठले. दारापर्यंत आले, दार उघडून धरलं.

"या पुन्हा," म्हणाले.